वॉच फेसवर आकडे रोल करायचेत? पट्टी, खिडकी आणि हातचा

स्मार्टवॉचच्या डिजिटल वॉच फेसवर (वेळ दाखवणाऱ्या स्क्रीनवर) आकडा टक्कन बदलण्याऐवजी खालून वर सरकत येतो ना, जुन्या गाडीच्या मीटरसारखा, तसं करायला मी बसलो तेव्हा वाटलं होतं एका संध्याकाळचं काम आहे. दोन आठवडे गेले. त्यातले दहा दिवस तर चुकीच्या वाटेनेच गेले, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं, पुढच्या माणसाचे तरी वाचतील.

ती चुकीची वाट कोणती ते आधी सांगतो. मी याला अ‍ॅनिमेशन समजत होतो. म्हणजे ४ चा ५ होताना एक छोटी क्लिप चालवायची, मग ५ चा ६ होताना दुसरी, असं. ते करू नका. घड्याळात काहीच "प्ले" करायचं नसतं. आत्ता किती वाजलेत हे माहीत असलं की आकडा आत्ता कुठे असायला हवा हे गणिताने काढता येतं, आणि दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीन नव्याने काढली जाते त्या प्रत्येक वेळी, तेवढंच काढायचं. स्क्रीन मधेच बंद होऊन परत चालू झाली तरी काही बिघडत नाही कारण आधी काय चाललं होतं हे लक्षात ठेवायची गरजच नाही. हे डोक्यात बसलं की बाकी सगळं पाचवीचं गणित आहे, एकक दशक आणि हातचा.

मी सॅमसंगच्या वॉच फेस स्टुडिओत काम करतो. ते फुकट आहे आणि वेअर ओएसच्या (गूगलची स्मार्टवॉचसाठीची सिस्टिम) घड्याळांसाठी फेस बनवतं. तुम्ही वॉच फेस फॉरमॅटचं एक्सएमएल हाताने लिहीत असाल (फेस कसा दिसेल हे लिहून सांगायचा हा फॉरमॅट २०२३ मध्ये वेअर ओएस ४ सोबत आला) तरी युक्ती हीच, फक्त टॅगची, म्हणजे सेकंद, मिनिट वगैरे देणाऱ्या खुणांची, नावं वेगळी. अ‍ॅपल वॉचसाठी करायचं असेल तर इथेच थांबा, तिथे बाहेरच्या डेव्हलपरला स्वतःचा फेस बनवूच देत नाहीत.

काय काय लागेल

- वॉच फेस बनवायचं असं टूल ज्यात लेयरच्या (चित्राच्या एका थराच्या) जागेला फॉर्म्युला देता येतो. फक्त फोटो आणि वेळ लावून देणारी फोनवरची अ‍ॅप्स इथे कामाची नाहीत.
- इमेज बनवायला कुठलंही ड्रॉइंग सॉफ्टवेअर, पारदर्शक पीएनजी काढता आलं म्हणजे झालं.
- सगळे आकडे एकाच रुंदीचे असतील असा फॉन्ट. आणि त्याचं लायसन्स बघून घ्या, फेस विकायला ठेवणार असाल तर नक्कीच.
- एक साधं नोटपॅड, फॉर्म्युले ठेवायला. हसू नका, सगळ्यात जास्त हेच लागतं.
- जमलं तर खरं घड्याळ. कॉम्प्युटरवर मख्खन दिसलेलं मनगटावर अडखळू शकतं.

१. आधी ठरवा नक्की काय रोल होणार

सेकंद, मिनिट, तास सगळंच रोल करायचा मोह होतो. पण सेकंदाचा एकक सतत हलत असतो आणि डोळा तिकडेच जातो, वेळ बघायला मान खाली घातलेल्या माणसाला ते नको असतं. शिवाय दर सेकंदाला हालचाल म्हणजे स्क्रीन सतत नव्याने काढावी लागते, बॅटरी त्यात जाते. माझं मत विचाराल तर मिनिट आणि तास मोठे ठेवून रोल करा, सेकंद दाखवायचेच असतील तर छोटे ठेवा.

ही अडचण नवी नाही बरं का. १८८० च्या दशकात जोसेफ पालवेबरच्या डिझाइनची खिशातली घड्याळं आली होती, त्यात काट्यांऐवजी चकत्यांवरचे आकडे खिडकीत उडी मारून बदलायचे, आणि त्या चकत्या एकदम ढकलायला जोर लागायचा तो स्प्रिंगमधूनच जायचा. आपल्याकडे स्प्रिंगच्या जागी बॅटरी आहे एवढंच.

शिकताना मात्र सेकंदापासूनच सुरुवात करा, कारण मिनिट बदलायची वाट बघत बसायला कंटाळा येतो.

२. आकड्यांची पट्टी

एका उभ्या इमेजमध्ये वरून खाली ०, १, २ करत ९ पर्यंत आकडे, आणि सगळ्यात खाली परत एकदा ०. म्हणजे एककाच्या पट्टीत १० नाही, ११ घरं. ते शेवटचं ० का ते विचाराल तर ९ वरून ० वर जाताना पट्टी पुढेच सरकायला हवी, नाहीतर ती सर्रकन उलटी धावत वर जाते आणि मधले सगळे आकडे झपकन दिसतात. शेवटच्या ० वर पोचलं की पुढच्या क्षणी आपण गुपचूप पहिल्या ० वर उडी मारतो, दोन्ही सारखेच दिसतात म्हणून कुणाला कळत नाही.

सेकंद आणि मिनिटाच्या दशकाला ० ते ५ आणि परत ०, म्हणजे ७ घरं.

समजा एक घर १०० पिक्सेल रुंद आणि १६० उंच घेतलं. मग एककाची पट्टी १०० गुणिले १७६०. पुढची सगळी उदाहरणं याच मापाची देतो.

इथे माझी एक चूक सांगतो. मी एका मोठ्या टेक्स्ट बॉक्समध्ये अकरा ओळी टाइप केल्या आणि ओळींमधलं अंतर अंदाजाने लावलं. दिसायला झकास. पण ते अंतर निघालं १५९.६ वगैरे काहीतरी, त्यामुळे ० बरोबर मध्यभागी आणि पुढे जाईल तसा प्रत्येक आकडा थोडा थोडा घसरत ९ पर्यंत जवळजवळ चार पिक्सेलने वर. मी दोन दिवस फॉर्म्युल्यात चूक शोधत होतो. त्यामुळे १६० उंचीची अकरा घरं आधी आखा, प्रत्येक घरात एक आकडा ठेवा आणि पट्टीची एकूण उंची बरोबर १७६० आहे का बघा. टूलमध्ये इम्पोर्ट केल्यावर परत बघा, कारण कॅनव्हासपेक्षा मोठी इमेज आपोआप लहान होऊन बसलेली असू शकते. माझा कॅनव्हास ४५० गुणिले ४५० चा, पट्टी त्याच्या चौपट उंच.

आणि घरात आकडा ठासून भरू नका. वर खाली थोडी मोकळी जागा सोडा, नाहीतर शेजारच्या आकड्याची कड खिडकीतून डोकावते.

३. खिडकी

पट्टी एवढी मोठी पण दिसायला हवं एकच घर. तीन मार्ग आहेत.

पहिला, मास्क, म्हणजे ठरलेल्या आकाराबाहेरचं सगळं लपवणारा लेयर. टूलमध्ये मास्कची सोय असेल तर १०० गुणिले १६० चा चौकोन मास्क म्हणून लावा, काम संपलं.

दुसरा, झाकण. बॅकग्राउंड पूर्ण काळं असेल तर पट्टीच्या वर आणि खाली काळे चौकोन ठेवून द्या, ते पट्टीच्या वरच्या लेयरला हवेत. देशी जुगाड आहे पण हमखास चालतो.

तिसरा, बॅकग्राउंडच पुढे आणायचं. म्हणजे फेसच्या चित्रातच आकड्यांच्या जागी भोकं पाडायची आणि ते चित्र पट्ट्यांच्या वर ठेवायचं. डायलवर काही टेक्स्चर असेल तर हाच मार्ग मला आवडतो, खऱ्या घड्याळातही तसंच असतं ना, चकती मागे आणि डायलला खिडकी.

खिडकीच्या वरच्या आणि खालच्या कडेला काळ्यातून पारदर्शक होत जाणारी सावली टाकली की आकडा ड्रमवर वळतोय असं वाटतं. साधारण २५ पिक्सेल पुरे होतात. जास्त टाकलीत तर स्थिर असतानाही आकड्याचं डोकं अंधारात जातं.

४. पट्टी हलवा, आधी ओबडधोबड

आता पट्टीच्या उभ्या जागेला फॉर्म्युला द्यायचा. मी इथे नावं मराठीत लिहितोय, तुमच्या टूलचा जो टॅग असेल तो तिथे घाला. "%" म्हणजे भागाकारातली बाकी, आणि "फ्लोर" म्हणजे अपूर्णांक टाकून देऊन खालची पूर्ण संख्या.

सर्वात आधी फॉर्म्युल्याच्या जागी नुसतं −५० लिहून बघा. पट्टी ५० पिक्सेल वर सरकली तर तुमचं टूल उत्तर मूळ जागेत मिळवतंय. पट्टी भलतीकडेच गेली तर मूळ जागेच्या बदल्यात वापरतंय, मग मूळ जागेचा आकडा फॉर्म्युल्यात हाताने मिळवायचा. हे एका मिनिटात कळतं आणि पुढचे दोन तास वाचतात.

मग हे घाला:

− (सेकंद % १०) * १६०

उणे चिन्ह विसरू नका, स्क्रीनवर खाली गेलं की जागेचा आकडा वाढतो, आपल्याला पट्टी वर न्यायचीय.

आकडा दर सेकंदाला टक्कन बदलतोय? छान, पट्टी बरोबर बसलीय. ० ते ९ दहाही आकडे खिडकीच्या मधोमध येतात का नीट बघा, आत्ता नाही बघितलंत तर पुढे हीच चूक फॉर्म्युल्याच्या नावावर खपते.

५. आता सरकवा

पूर्ण सेकंदाच्या टॅगवर पट्टी कधीच सरकणार नाही, उडीच मारणार. तुम्हाला मिलिसेकंदासकट सेकंद देणारा टॅग लागेल, म्हणजे ४४ नाही तर ४४.८५ सांगणारा. जवळजवळ सगळे नवे लोक इथे अडतात.

त्या आकड्याचे दोन भाग करायचे:

पूर्ण = फ्लोर(सेकंद)
उरलेला = सेकंद − पूर्ण

उरलेला थेट वापरलात तर पट्टी पूर्ण सेकंदभर सावकाश सरकत राहते आणि आकडा कधीच स्थिर वाचता येत नाही. म्हणून सेकंदाचे पहिले ०.७ गप्प बसायचं आणि शेवटच्या ०.३ मध्ये सरकायचं:

सरक = उरलेला > ०.७ ? (उरलेला − ०.७) / ०.३ : ०

प्रश्नचिन्ह आणि कोलन म्हणजे "असं असेल तर हे, नाहीतर ते". सरक हा ० पासून सुरू होऊन १ कडे जातो. मग एककाच्या पट्टीची जागा:

− ((पूर्ण % १०) + सरक) * १६०

एकदा आकडे घालून बघू. वेळ ४४.८५ सेकंद. पूर्ण ४४, उरलेला ०.८५, सरक झाला ०.५. पट्टी ४.५ घरं म्हणजे ७२० पिक्सेल वर. खिडकीत वर ४ चा खालचा अर्धा, खाली ५ चा वरचा अर्धा. बरोबर.

इथे राउंड वापरू नका, फ्लोरच वापरा. राउंड ५९.७ ला ६० करतं आणि मग मिनिटाच्या तोंडावर विचित्र गोष्टी दिसायला लागतात.

हालचाल अजून यांत्रिक वाटेल, एकाच वेगाने जाऊन एकदम थांबते. सरकच्या जागी हे वापरा:

सरक * सरक * (३ − २ * सरक)

सुरुवात हळू, मध्ये जोरात, शेवट हळू. ० ला ० आणि १ ला १ च राहतं त्यामुळे बाकी काही बदलावं लागत नाही. फक्त टूलमध्ये "सरक" असं नाव देऊन ठेवायची सोय बहुतेक नसते, प्रत्येक ठिकाणी तो अख्खा फॉर्म्युला परत लिहावा लागतो आणि कंसांचं जंगल होतं. म्हणून ते नोटपॅड. तिथे सुटं लिहा, मग शोधा आणि बदला करून जोडा, आणि शेवटी उघडणारे आणि बंद होणारे कंस मोजा.

०.३ का? सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशोबाने ०.३ सेकंदात ९ फ्रेम मिळतात, १६० पिक्सेल ९ फ्रेममध्ये म्हणजे फ्रेमला साधारण १८. डोळ्याला चालतं. घड्याळ १५ फ्रेमवर आलं तर ४-५ च फ्रेम उरतात आणि धक्के जाणवतात, अशा वेळी ०.५ घ्या. मिनिट आणि तासाला मी ०.६ सुद्धा ठेवतो, ते कधीतरीच हलतात तर जरा दिसू दे की. मात्र मग ०.७ च्या जागी ०.४ करायला विसरू नका, आणि सेकंदही दाखवत असाल तर सगळीकडे एकच वेळ ठेवा, नाहीतर हातचा आधी निघतो आणि एकक मागून येतो.

६. हातचा

दशकाची पट्टी कधी हलते? एकक ९ वर असतानाच, आणि तेव्हा एककाच्या बरोबरीने. म्हणजे:

− (फ्लोर(पूर्ण / १०) + ((पूर्ण % १०) == ९ ? सरक : ०)) * १६०

वेळ ५९.८५ घ्या. एककाची पट्टी ९.५ वर, १५२० पिक्सेल. दशकाची ५.५ वर, ८८० पिक्सेल. दोघीही आपापल्या शेवटच्या ० कडे निघाल्यात, आणि पुढच्या मिनिटाला दोघी पहिल्या ० वर.

मिनिटाचं एकक सेकंद ५९ असतानाच हलणार, म्हणजे अट "पूर्ण == ५९". मिनिटाच्या दशकाला दोन अटी, सेकंद ५९ आणि मिनिटाचं एकक ९. सेकंद स्क्रीनवर दाखवत नसलात तरी फॉर्म्युल्यात हे सगळं लागतंच.

हे असं सेकंद संपायच्या आत सरकवून पूर्ण करायचं की सेकंद पडल्यावर सुरू करायचं यावर वाद घालता येईल. मी आत पूर्ण करतो. नंतर सुरू केलं तर "आधी कोणता आकडा होता" हे काढावं लागतं आणि ० च्या आधी ९ की ५ की २३ या भानगडी येतात. आत पूर्ण केलं की फक्त आत्ताचा आकडा बघून हातचा कळतो.

७. तासाचा तिढा

इथे पट्टीची युक्ती फसते. २३ नंतर ०० येतं, म्हणजे एकक ३ वरून थेट ०. पट्टी बिचारी ३ नंतर ४ दाखवणार आणि मग झटकन ०. बारा तासांच्या घड्याळात १२ नंतर १, तिथेही तेच.

यावर उपाय म्हणजे पट्टी सोडून द्या आणि दोन टेक्स्ट लेयर घ्या. एकात आत्ताचा तास, दुसऱ्यात पुढचा. आत्ताचा खिडकीत, पुढचा त्याच्या १६० पिक्सेल खाली, आणि दोघांना सरक * १६० एवढं वर ढकला. तास बदलला की दोघे आपोआप जागेवर येतात आणि आकडे बदललेले असतात.

पुढचा तास असा काढायचा:

२४ तासांसाठी: (तास + १) % २४
१२ तासांसाठी: (तास % १२) + १

दुसरा तपासून बघा, ११ ला १२ येतं, १२ ला १ येतं. आणि इथे सरकायची अट म्हणजे मिनिट ५९ आणि सेकंद ५९.

यात दोन्ही अंक मिळून एकच ठोकळा सरकतो, १४ चा १५ होताना १ सुद्धा सरकून परत १ येतो. काहींना हे खटकतं. मला नाही खटकत, तासाला एकदाच तर होतं. २००९ मध्ये आलेल्या लांगे कंपनीच्या त्साइटवेर्क या यांत्रिक घड्याळातही तास एकाच कड्यावर अख्खा आकडा म्हणून असतो आणि मिनिटाला मात्र एकक दशकाच्या दोन वेगळ्या चकत्या आहेत. तरी अंक सुटे हवेच असतील तर आत्ताचा दशक आणि पुढच्या तासाचा दशक वेगळा असेल तरच दशक सरकव अशी अट घाला.

सकाळ/संध्याकाळ दाखवत असाल तर ते ११:५९ नंतर बदलतं, १२:५९ नंतर नाही. मी उलटं केलं होतं.

खरं तर ही दोन लेयरची युक्ती सगळ्याच आकड्यांना चालते आणि टेक्स्ट असल्यामुळे रंग बदलायची सोय पण मिळते. मग पट्टी कशाला सांगितली? कारण पट्टीने नक्की काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं, आणि स्वतः काढलेले आकडे वापरायचे असतील तर पट्टी सोपी पडते.

८. अँबियंट मोड

हात खाली गेला की घड्याळ अँबियंटमध्ये, म्हणजे बॅटरी वाचवणाऱ्या मंद स्थितीत जातं आणि स्क्रीन साधारण मिनिटाला एकदाच नवी होते. आता विचार करा, नेमकं ५९.८५ ला हात खाली गेला तर? माझ्या घड्याळावर मिनिटाचा आकडा अर्धा ७ अर्धा ८ असा अडकून बसला होता. बाजूला बसलेल्याने विचारलं, "घड्याळ पडलं का रे?"

म्हणून अँबियंटसाठी पट्ट्या, मास्क, सावल्या सगळं लपवा आणि तास मिनिटाचे साधे टेक्स्ट लेयर ठेवा, त्याच फॉन्टमध्ये आणि त्याच जागी, म्हणजे बदल जाणवत नाही. सेकंद काढून टाका. आकडे पातळ किंवा फक्त बाह्यरेषेचे ठेवा, अँबियंटमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त पिक्सेल पेटते नसावेत असा वेअर ओएसचा नियम आहे.

मेमरीचंही बघून घ्या. पारदर्शक इमेजचा प्रत्येक पिक्सेल मेमरीत ४ बाइट खातो, फाइल कितीही छोटी असली तरी. आपली १०० गुणिले १७६० ची पट्टी म्हणजे साधारण ०.७ एमबी, काहीच नाही. पण मी आधी करत होतो तसं प्रत्येक बदलाचे १० मधले फ्रेम बनवले तर एका एककाचे १०० फ्रेम, ६.४ एमबी, आणि असे सहा आकडे. वॉच फेस फॉरमॅटमध्ये मर्यादा चालू स्क्रीनला १०० एमबी आणि अँबियंटला फक्त १० एमबी आहे.

९. तपासायच्या वेळा

प्रिव्ह्यूमध्ये वेळ पुढेमागे सरकवता येते, तिथे या वेळा लावून प्रत्येकी पाच सेकंद बघत बसा:

- १०:२५:०७, फक्त एकक आणि सेकंदाचा हातचा
- १०:२५:५७, मिनिट एकक
- १०:२९:५७, मिनिट दशक
- ०९:५९:५७ आणि १९:५९:५७, तासाचा दशक
- २३:५९:५७, सगळं एकदम, तारीख दाखवत असाल तर तीही
- १२ तासांवर टाकून १२:५९:५७ आणि ११:५९:५७

काहीतरी चुकलं तर आधी ओळखा चूक कुठली आहे. आकडा बरोबर पण थोडा वर खाली असेल तर पट्टी. भलताच आकडा येत असेल तर फ्लोर किंवा कंस. पट्टी उलटी धावत असेल तर शेवटचं ० राहिलं. हातचा सेकंदभर लवकर किंवा उशिरा येत असेल तर कुठेतरी ५९ च्या जागी ६० किंवा ० लिहिलंय.

हे झालं की घड्याळात टाका आणि एक दिवस वापरा. फॉर्म्युल्यांची नोटपॅडची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा, दोन महिन्यांनी ते कंस उघडून बघाल तेव्हा स्वतःचंच लिहिलेलं ओळखू येत नाही.